गिझरची हिरवी वायर: एका जोडप्याचं प्रकरण

मी पुण्यात विवाह-समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं मुद्दाम घातलेली नाहीत. "नवऱ्याला घरातलं काही करता येत नाही" ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. बहुतेक घरांत ती चेष्टेवारी नेली जाते. या घरातही तसंच झालं होतं, आणि शेवटी गोष्ट विजेच्या धक्क्यावर आली.

पार्श्वभूमी

दोघंही तिशीतले, लग्नाला तीन वर्षं झालेली. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत जी २३ गावं आली, त्यांतल्या एका गावात नव्या सोसायटीत फ्लॅट घेतलेला. दोघांच्या नोकऱ्या, दोघांच्या पगारातून हप्ता. पाणी टँकरचं आणि जड. नळांच्या तोंडाशी महिन्याभरात पांढरा थर बसतो.

ती चिंचवडची. वडील कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. घरात मिस्त्री बोलावलेला तिने लहानपणी कधी पाहिलाच नाही. मिक्सर, इस्त्री, नळ, सायकल, शेजाऱ्यांचा पंखा, सगळं बाबाच करायचे. लेकीने फ्लॅट घेतल्यावर बाबा दर दुसऱ्या रविवारी निळी पिशवी घेऊन यायला लागले. पिशवीत पाने, पक्कड, दोन टेस्टर, टेफ्लॉन टेप, जुन्या नळांचे स्पिंडल आणि औषधाच्या डबीत "लागतील कधीतरी" म्हणून जपलेले स्क्रू.

तो सांगली जिल्ह्यातला, शिक्षकाचा मुलगा, शिकून कॉम्प्युटर इंजिनीअर झालेला. त्याच्या घरी काही बिघडलं की "माणूस बोलवा" एवढंच ठरलेलं. तो माणूस कोण बोलावतं, त्याची वाट बघत कोण थांबतं, गेल्यावर फरशी कोण पुसतं, हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. हे सगळं आई करत होती, हे त्याला माझ्यासमोर बसल्यावर, बोलता बोलता आठवलं.

इथे थोडं विषयांतर करते, कारण पुढे त्याचा उपयोग झाला. घरातल्या पुरुषाला सगळं दुरुस्त करता आलंच पाहिजे ही अपेक्षा आपल्याला फार जुनी वाटते. आपल्याकडे ती तशी नाही. गावगाड्यात लाकडाचं काम सुताराचं, लोखंडाचं लोहाराचं. शेतकरी दोर वळायचा, बांध घालायचा, पण नांगर मोडला तर सुताराकडे जायचा आणि सुगीला बलुतं घालायचा. ज्याचं त्याचं काम जातीने बांधून टाकलेलं होतं आणि त्यातला अन्याय उघड आहे. पण कारकून, मास्तर, भिक्षुक यांच्या हातात पाना नाही म्हणून त्यांच्या पुरुषपणावर कुणी बोट ठेवत नव्हतं. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात हजारो घरांतले पुरुष लेथवर, फिटिंगला, वेल्डिंगला लागले. हातातली ती कला संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी यायची. त्यांच्या मुलींनी बाप म्हणून हेच पाहिलं. दुसरीकडे १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली, घरोघरची मुलं इंजिनीअर झाली, आणि त्यांतली पुष्कळशी कीबोर्डवर स्थिरावली. माझ्यासमोर बसलेली बायको पहिल्या घरातून आली होती आणि नवरा दुसऱ्या.

अडचण

डिसेंबरातला रविवार. जेवायला तिचे काका-काकू आलेले. बाथरूमचा बल्ब आठवडाभर गेलेला होता, तो बाबांनी आल्या आल्या बदलला. पानावर बसताना ते म्हणाले, "आमच्या वेळी मुलगा बघताना पगार विचारायचे. आता बल्ब बदलता येतो का, हेही विचारायला पाहिजे. काय जावईबापू?" सगळे हसले. तोही हसला. तीही हसली. "बाबांचं मला काही वाटलं नाही," तो मला म्हणाला, "ती हसली ते लागलं."

त्याच आठवड्यात गिझर लावला की घरातली सगळी वीज जायला लागली. बोर्डातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, पडायचा. गिझर बंद करून वर केला की राहायचा. तिने बाबांना फोन करते म्हटल्यावर तो म्हणाला, "नको, मी बघतो." ऑफिसातल्या एकाने त्याला सांगितलं होतं की गिझरच्या प्लगमधली हिरवी वायर काढली की ट्रिप होणं थांबतं. रात्री अकराला त्याने प्लग उघडला, हिरवी वायर काढली आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. गिझर लावला. ट्रिप झाला नाही. तिला उठवून त्याने सांगितलं, "झालं बघ." तीन वर्षांत घरातली ही पहिली वस्तू त्याच्या हातून "दुरुस्त" झाली होती.

खरं काय झालं होतं ते नीट समजून घ्यायला हवं. टँकरच्या पाण्याचे क्षार बसून गिझरची कॉइल फुटली होती आणि करंट टाकीच्या पत्र्यात उतरत होता. हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. गळणारा करंट तिच्या वाटे जमिनीत जात होता, म्हणूनच ईएलसीबीला गळती कळत होती आणि तो वीज तोडत होता. घरातला ईएलसीबी साधारण ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो, तो माणूस वाचावा म्हणूनच. वायर काढल्यावर गळती थांबली नाही, तिची जमिनीकडे जायची वाट बंद झाली. आता ती वाट अंघोळीला उभ्या राहिलेल्या माणसाच्या अंगातून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शॉवरचा नळ धरताना तिच्या कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. तिने ओरडून हात सोडला आणि ती तशीच ओली बाहेर आली. काय झालं असेल हे तिला लगेच कळलं, कारण ती फिटरची मुलगी होती. "अरे, तू अर्थिंग काढलंस?" त्याला त्या शब्दाचा अर्थ तेव्हा माहीत नव्हता.

त्यानंतर नऊ दिवस ती चिंचवडला राहिली, आणि मग दोघं माझ्याकडे आले. तिचं वाक्य होतं, "मॅडम, याला काही येत नाही ते मी चालवून घेत होते. पण येत नसताना करायला गेला." तो जवळजवळ काहीच बोलला नाही.

मोजलेले पर्याय

दोघांनी आपापले पर्याय आणले होते. तिचा साधा होता: बाबा करतात ते चालू राहू दे, याने हात लावू नये. यात सुरक्षितता होती. पण बाबा सत्तरीला आलेले, स्टुलावर चढताना गुडघा धरतात. शिवाय या मार्गात तो स्वतःच्याच घरात पाहुणा राहिला असता, आणि रविवारचे टोमणेही चालू राहिले असते.

त्याचा पर्याय होता, "सगळ्याला माणूस बोलवू, पैसे मी देतो." ऐकायला हा रास्त वाटतो, मलाही सुरुवातीला वाटला. म्हणून मी दोघांना दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. काय बिघडलं, कुणाच्या लक्षात आलं, फोन कुणी केला, घरी कोण थांबलं, पैसे कुणी दिले, असे पाच रकाने. वही परत आली तेव्हा पैशांच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी तो होता. लक्षात येणं, फोन करणं, थांबणं, या तीन रकान्यांत जवळजवळ सगळीकडे ती. वायरमन "अकरापर्यंत येतो" म्हणून दीडला आला होता, तिची अर्धी रजा गेली होती, आणि दारात येऊन त्याने विचारलं होतं, "साहेब नाहीत का घरी?" हे वाक्य तिने वहीत जसंच्या तसं उतरवलं होतं. तो वही बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "मला वाटत होतं हे मी करतोय. मी नुसते पैसे देत होतो."

तिसरा पर्याय तिच्या काकूने सुचवला होता: त्याने सासऱ्यांकडून सगळं शिकून घ्यावं. मला यात धोका दिसत होता. ज्याच्यासमोर अपमान झाला त्याच्याच हाताखाली शिकायला उभं करायचं, म्हणजे प्रत्येक चुकीला साक्षीदार ठेवायचा. शिवाय त्याने वायर काढली ती नुसती न येण्यापायी नाही, "येत नाही" हे म्हणायची लाज वाटल्यापायी. ती लाज तशीच ठेवून वर कौशल्य चढवलं तर पुढच्या वेळी तो आणखी मोठ्या कामाला एकटा हात घालील, अशी मला भीती होती.

निर्णयाची जागा हीच होती. आधी काय हाताळायचं, लाज की पाना? मी लाज निवडली.

काय केलं

पुढच्या बैठकीत मी तिला विचारलं, "बाबा काम करायचे तेव्हा तुम्ही काय करायचात?" ती पटकन म्हणाली, "बॅटरी धरायचे." मग थांबली. वयाच्या सहाव्या वर्षापासून लग्नापर्यंत ती बाबांच्या मागे बॅटरी धरून उभी राहिली होती. दहाचा पाना कुठला, बाराचा कुठला, हे तिला न बघता कळायचं. स्पिंडल कसा काढतात, वायसर कधी बदलायचा, हे तिने शेकडो वेळा पाहिलेलं. पण पाना हातात कधी आला नाही. एकदा ड्रिल मागितलं तर बाबा म्हणाले होते, "तुला काय करायचंय बेटा, तुझा नवरा करील." हे सांगताना तिचा आवाज बदलला. नवऱ्याने करावं हा तिचा हट्ट कुठून आला होता ते तिथे दिसलं. स्वतः करायची तिची इच्छा बाबांनी त्या न आलेल्या जावयाच्या नावावर करून टाकली होती, आणि तो जावई आला तो असा आला.

मला या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. पुरुषाने घर दुरुस्त करावं या अपेक्षेत पुरुषावर ओझं येतं, हे सगळेच बोलतात. त्याच अपेक्षेपायी मागे उभी असलेली मुलगी आयुष्यभर बॅटरी धरते, ते फार कमी बोललं जातं.

त्यानंतर मी बाबांना एका बैठकीला बोलवावं का, असं त्याला विचारलं. तो आधी नाही म्हणाला. दोन आठवड्यांनी स्वतःहून हो म्हणाला, पण ती सोबत असेल तर.

बाबा आले ते पिशवी न घेता. मी त्यांना एकच विचारलं, तुम्ही हे कसं शिकलात? त्यांनी आयटीआयची गोष्ट सांगितली. फिटरचा कोर्स दोन वर्षांचा. सुरुवातीचे कित्येक आठवडे नुसती कानस मारायची. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरायचा, तो चारही बाजूंनी सरळ, काटकोनात करायचा आणि गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी, लावून तपासायचा. "जॉब सरळ होईना. गुण्या लावला की मधे उजेड दिसायचा. इन्स्ट्रक्टर फेकून द्यायचे, परत नवा तुकडा. हाताला फोड आले. मला येतच नव्हतं हो." जावई ऐकत होता. मग म्हणाला, "बाबा, आम्हालाही फर्स्ट इयरला कानसीचा जॉब होता. मी पैसे देऊन करून घेतला." खोलीत कुणी हसलं नाही. बाबा थोड्या वेळाने म्हणाले, "बल्बचं मी बोलायला नको होतं."

तिथून पुढे कामांची यादी केली. यादीतली पहिली रेघ होती ती कोणीच हात न लावायच्या कामांची: गिझर उघडणं, मुख्य बोर्ड, गॅसची नळी आणि जोडणी. गिझर आणि बोर्डाला परवानाधारक वायरमन, गॅसला एजन्सीचा माणूस, आणि यांतलं कुणीही येईल तेव्हा घरी थांबायची पाळी नवऱ्याची. उरलेली कामं वाटताना पुरुषाचं काय, बाईचं काय, हा निकष ठेवला नाही. तिने ड्रिल मागितलं. त्याने नळ मागितले, कारण पाण्याने जीव जात नाही, हे त्याचेच शब्द. मागच्या प्रसंगानंतर ते मला पटलं.

पहिला नळ बदलताना मी अर्थात तिथे नव्हते, पण दोघांनी मिळून इतकं बारकाईने सांगितलं की डोळ्यांसमोर आहे. स्वयंपाकघरातल्या सिंकचा नळ ठिबकत होता. बाबा दारातल्या खुर्चीवर. त्यांनी ठरवून हात मांडीखाली ठेवले होते. त्याने आधी सिंकखालचा अँगल कॉक बंद केला, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ दिलं. पाना लावण्याआधी नळावर फडकं गुंडाळलं, पॉलिशवर चरे पडू नयेत म्हणून. जुना नळ निघाला. नव्याच्या आट्यांवर त्याने टेफ्लॉन टेप उलटी गुंडाळली, आणि नळ फिरवताना ती सुटून गोळा झाली. बाबा काही बोलले नाहीत. तिला माहीत होतं, तीही बोलली नाही. त्याने नळ परत काढला, टेप बघितली, आटे कुठल्या बाजूला फिरतात ते बोटाने तपासलं आणि मग म्हणाला, "उलटी गुंडाळली ना मी? आटे फिरतात त्याच बाजूला पाहिजे." बाबा म्हणाले, "हां." या "हां"बद्दल तो मला दोनदा बोलला.

विजेचं साधं काम, म्हणजे बल्बचा होल्डर किंवा स्विच, बाबांनी दोघांनाही शिकवलं. त्यातला एक नियम मी आता माझ्या घरीही पाळते. आधी मेन बंद करायचा, मग टेस्टर लावायचा. पण टेस्टरवरही एकदम भरवसा ठेवायचा नाही. मेन बंद करण्यापूर्वी तो चालू प्लगात लावून पेटतो का बघायचा, कारण बिघडलेला टेस्टर "करंट नाही" असंच सांगतो.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्याकडून एक गंभीर चूक झाली. पहिल्या बैठकीत पाऊण तास मी दोघांच्या मनातलं विचारत राहिले. उठता उठता सहज विचारलं, "गिझर आता दुरुस्त झाला ना?" तर झाला नव्हता. तो तसाच वापरात होता: पाणी तापवायचं, बटण बंद करायचं, मग बादली भरायची. हिरवी वायर तेव्हाही सुटीच होती. नऊ दिवस तो एकटा त्या घरात असंच करत होता, आणि ती त्याच आठवड्यात परत राहायला आली होती. बटण बंद करायला एकदा विसरलं असतं तर? मी तिथल्या तिथे वायरमनला फोन लावायला सांगितलं. कॉइल बदलली, आत बोटभर क्षार निघाले, अर्थिंग परत जोडलं. हा प्रश्न मी पहिल्या पाच मिनिटांत विचारायला हवा होता. भांडण घरातल्या एखाद्या वस्तूवरून आलं असेल तर ती वस्तू आत्ता कोणत्या अवस्थेत आहे, हे आता मी सगळ्यांत आधी विचारते.

वहीबद्दलही मनात शंका आहे. वहीने त्याचे डोळे उघडले हे खरं, पण त्या दोन आठवड्यांत बायको ती पुरावा गोळा केल्यासारखी लिहीत होती. "साहेब नाहीत का" हे वाक्य उतरवण्यात राग होता, आणि तो वायरमनपेक्षा नवऱ्यावर जास्त होता. पुन्हा वेळ आली तर मी वही त्याला लिहायला देईन.

दोघांनी वेगळं काय करायला हवं होतं, हे मी त्यांनाच विचारलं. ती म्हणाली, त्या रविवारी हसायला नको होतं. तो म्हणाला, रात्री अकराला बाबांना फोन करायला हवा होता, "बोलणी खाल्ली असती तरी चाललं असतं." मला तिसरीही एक गोष्ट दिसते. फ्लॅटचा ताबा घेतला त्या दिवशी दोघांपैकी कुणीही मुख्य बोर्ड उघडून बघितला नव्हता. टाइल्सचा रंग ठरवायला चार रविवार गेले होते.

सध्या

सहा महिने झाले. नळ, फ्लशची टाकी, दाराच्या बिजागऱ्या तो बघतो. फ्लशचा फ्लोट त्याने तीनदा बसवला, चौथ्यांदा जमला. पडदे, फळ्या, भिंतीतलं सगळं तिच्याकडे. हॉलमधली पुस्तकांची फळी लावताना पहिलं भोक वाकडं गेलं, ते तिने बुजवलं नाही, त्याच्या शेजारी दुसरं पाडलं. बाबा अजून दुसऱ्या रविवारी येतात. पिशवी कधी असते, कधी नसते.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. मे महिन्यात त्याची आई राहायला आली होती. सुनेच्या हातात ड्रिल आणि मुलाच्या हातात पाना बघून त्या त्याला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "हे असलं तिच्याकडून करून घेतोस होय रे? आणि तू तिच्या बापाकडून शिकतोस?" तो काही बोलला नाही. ती बाहेर फळी पुसत होती, तिने ऐकलं. त्याने तेव्हा तोंड उघडायला हवं होतं असं तिचं म्हणणं आहे. आईला उत्तर द्यायला शब्द सुचले नाहीत असं त्याचं. पुढची बैठक यावरच आहे, आणि या वेळी त्याने स्वतः फोन करून वेळ घेतली आहे.